शाळेची वर्गणी : मुठीपासून कूपनापर्यंत

सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी लिपिक म्हणून लागलो आणि वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. शाळेचं नाव सांगत नाही. संस्था अजून चालू आहे आणि तिचे दोन आजीव सदस्य माझ्याच गल्लीत राहतात. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात कायम पावतीपुस्तकं असायची. सत्र फीचं वेगळं, इमारत निधीचं वेगळं, स्नेहसंमेलनाचं वेगळं आणि एक ‘संकीर्ण’ नावाचं, ज्यात काहीही बसत असे. शाळा पैसे कसे मागते हे मी दिवसभर आतून पाहायचो आणि संध्याकाळी दोन मुलांचा बाप म्हणून बाहेरून. त्यामुळे हल्लीचे आईबाप शाळेच्या आणि बालवाडीच्या रोजच्या मागण्यांनी कावलेले दिसले की मला त्यांचा राग कळतो. फक्त त्यांचं एक म्हणणं मला पटत नाही. ते म्हणतात, पूर्वी असं नव्हतं. अहो, पूर्वी शाळा याहून जास्त मागत असत. फरक होता तो कोणाकडे मागायचं आणि कोणाच्या तोंडून मागायचं, यात.

सुरुवात 1854 पासून करावी लागेल. त्या साली वुडचा खलिता आला आणि खाजगी शाळांना अनुदान देण्याचं धोरण ठरलं. लोकांनी शाळा काढाव्यात, सरकार हातभार लावील, असा तो एकूण विचार होता. अनुदानाला अटी होत्या. त्यातली एक अशी की शाळेने मुलांकडून थोडी का होईना, फी घेतलीच पाहिजे. फुकटच्या वस्तूची किंमत राहत नाही, ही साहेबाची समजूत. ‘सरकार अनुदान देतं, मग तुम्ही आमच्याकडे कशाला मागता?’ हा प्रश्न मी खिडकीतून शेकडो वेळा ऐकला. त्याचं उत्तर एवढंच की सगळं आम्ही देऊ असं सरकारने फार काळ कधी म्हटलंच नव्हतं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने तसं म्हटलं, तेही 6 ते 14 या वयापुरतं.

मग उरलेलं कोण देणार? पुण्यात 1880 साली चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. मास्तरांनी कमी पगारावर राबायचं हे त्यांचं पहिलं भांडवल आणि संस्थानिकांच्या देणग्या हे दुसरं. 1885 साली त्यांचं कॉलेज सुरू झालं तेव्हा त्याला गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांचं नाव दिलं. साहेबांची स्वतःची देणगी बाराशे रुपयांच्या आसपासची. नाव फार स्वस्तात गेलं, असं आमच्या शाळेतले गणिताचे सर दर शिक्षकदिनाला म्हणायचे. 1920 साली विठ्ठलदास ठाकरसींनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. पस्तीस वर्षांत भाव बराच वर गेला होता.

पण मोठ्या देणगीतून इमारत उभी राहते, रोजचा खर्च भागत नाही. त्यासाठी लहान देणारे लागतात, आणि ते शोधण्याची कला महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या तोंडावर फार जोरात आली. अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंडाची कल्पना काढली. माणशी वर्षाला एक पैसा, बस्स. टिळकांनी ती उचलून धरली, स्वयंसेवक पेट्या घेऊन फिरू लागले आणि त्या पैशांतून 1908 साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. जपानहून काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तंत्र सांभाळायला आले. कारखाना म्हणजे शाळा नव्हे, असं कोणी म्हणेल. पण तिथे हाताखाली शिकून तयार झालेली माणसं पुढे दूरदूरच्या काचकारखान्यांत पसरली, हेही खरं. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने दिवाळीच्या भाऊबिजेला घरोघर ओवाळणी मागायला सुरुवात केली. मागणारी संस्था बहीण झाली आणि देणारा भाऊ. ही कल्पना ज्या कोणाला पहिल्यांदा सुचली त्याला माझा नमस्कार, कारण नाही म्हणायला जागाच नाही, आणि तरी कोणाला आपल्याला लुबाडलं असंही वाटत नाही. खुद्द कर्वे तर 1936 साली, वयाच्या 78 व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाहीत तिथे शाळा काढायच्या म्हणून नवं मंडळ काढून वर्गणीसाठी पायी हिंडले. इतक्या मोठ्या माणसाला आपल्या दारात उभं पाहून लोकांची काय अवस्था होत असेल, याची मी कल्पनाच करतो.

आमच्या जिल्ह्यातली गोष्ट मात्र याहून वेगळी आणि मला जास्त जवळची. भाऊराव पाटलांनी 1919 साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली ती साताऱ्याला आणली. धनणीच्या बागेत सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवणारं वसतिगृह उभं राहिलं. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. आता ही मुलं जेवणार काय? संस्थानिकांच्या दरबारात जाऊन ओंजळ भरेल एवढं मागण्यापेक्षा भाऊरावांनी बायकांच्या मुठीवर भरवसा ठेवला. रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढायची, साठलं की ते बोर्डिंगला जाणार. हाच मुष्टिफंड. माझ्या आजीच्या तोंडून मी हा शब्द ऐकलेला आहे. ती शाळेत गेली नव्हती, पण शाळेसाठी मूठ काढणाऱ्या घरातली होती आणि हे सांगताना तिचा आवाज जरा चढायचा.

हिशोबनीस म्हणून मला मुष्टिफंडाचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी वाटतं. ज्या घरात रोकड नाही त्या घराकडे रोकड मागितलेली नाही. जे घरात आहे आणि जितकं निघालं तरी चूल अडणार नाही, तेवढंच मागितलं. मुठीचा आकार देणारीच्या हातावर, त्यात दर ठरवलेला नाही. शिवाय धान्य कुठे गेलं ते डोळ्यांना दिसत होतं. ज्या गावाने मूठ दिली त्याच पंचक्रोशीतली पोरं बोर्डिंगात जेवत होती. आणि ती पोरं पाणी भरत होती, भाकरी थापत होती, शेतात खपत होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांसाठी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. मागणाऱ्याने आधी स्वतःचं घर रिकामं केलेलं असलं की देणारा पावती मागत नाही. तरी पावती द्यावीच, असं माझं धंद्याचं मत आहे.

या लोकवर्गणीचा खरा कस लागला स्वातंत्र्यानंतर. भाऊरावांच्या टीकेने रागावलेल्या मुंबई सरकारने 1948 च्या सुमारास रयतचं अनुदान थांबवलं. संस्था तेव्हाही लोकांनी तगवली. गाडगेबाबांनी मध्ये पडून त्या सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर यांच्याशी बोलणं केलं आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. अनुदान बंद पडलं तरी आपल्या मागे गाव आहे, ही खात्री आज किती संस्थांना असेल?

शहरांत दुसरा मार्ग होता, नाटकाचा. 8 जुलै 1921 ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केलं. त्याचं वर्णन अजून रंगवून सांगतात. त्या प्रयोगाने मदतीच्या खेळाला अशी प्रतिष्ठा दिली की पुढे वर्षानुवर्षं शाळेला खोल्या बांधायच्या झाल्या की चालक आधी नाटक कंपनीकडे जात. आमच्या गावातही असा प्रयोग व्हायचा. पुढच्या रांगेची तिकिटं व्यापारी, डॉक्टर, वकील घेत. मागच्या सतरंजीवर आम्ही असायचो. पैसे दिले त्याला तीन तास नाटक मिळालं, शाळेला खोली मिळाली, आणि तिकीट खपवायची जबाबदारी चालकांची होती, सहावीतल्या पोराची नव्हती.

पोराच्या हातात पैशाचा डबा आला तो आधी देशकार्यासाठी. सशस्त्र सेना ध्वजदिन 1949 पासून 7 डिसेंबरला पाळतात. क्षयरोगाच्या तिकिटांची कल्पना मूळची डेन्मार्कची, 1904 सालची. ती फिरत फिरत आपल्याकडे आली. 1962 साली चीनशी युद्ध झालं तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधी निघाला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होतो. आमच्याकडून शाळेने घरोघर फिरून कपडे आणि धान्य गोळा करवलं. मोठ्या मुलांच्या मागे आम्ही पोत्याचं तोंड उघडं धरून हिंडलो. कशासाठी, असं एकाही दारात कोणी विचारलं नाही. विचारणाऱ्याच्याही भिंतीला भेगा गेलेल्या होत्या. पुढे 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी टेबलाच्या या बाजूला होतो. मुलांनी आणलेली नाणी मोजताना मला कोयनाच आठवत होती. अशा प्रसंगी मुलाला दारोदार पाठवणं मला आजही गैर वाटत नाही. दुसऱ्याचं दुःख त्याला कळतं, एवढं पुरे.

पण शाळांना यातून एक गोष्ट कळली, की मोठ्या माणसाला नाही म्हणणारा पालक मुलाला नाही म्हणू शकत नाही. एकदा हे कळलं आणि मग आवरणं कठीण झालं.

महाराष्ट्र राज्याची लॉटरी 12 एप्रिल 1969 ला सुरू झाली. त्यानंतर माझ्या पाहण्यात तरी शाळेच्या भाग्यवान सोडतीला ऊत आला. पहिलं बक्षीस सायकल किंवा शिलाई मशीन, दुसरं मिक्सर आणि मग उत्तेजनार्थ पंचवीस स्टीलचे डबे. दहा कूपनांचं एक पुस्तक प्रत्येक मुलाच्या दप्तरात जायचं. माझ्या मुलीच्या शाळेने (ती माझी शाळा नव्हे) एका वर्षी पुस्तक परत न आणणाऱ्या मुलांची नावं फळ्यावर लिहिली. ती रडत घरी आली आणि मी दहाच्या दहा कूपनं स्वतः घेतली. शेजारच्यांना कसं विकणार? त्यांच्याही घरात त्याच शाळेची दहा कूपनं होती. सबंध आळीत एकाच तळ्याचं पाणी एकमेकांच्या घागरीत ओतणं चाललं होतं. डबा आम्हाला लागला नाही, सायकल कोणाला लागली तेही कधी कळलं नाही. गंमत म्हणजे त्याच शाळेत त्याच मुलीला ‘संचयिका’ची बचत शिकवत होते. दर आठवड्याला चार आणे, आठ आणे जमा करायचे, मुलांनीच रोखपाल व्हायचं. योजना फार चांगली होती. कूपनांच्या महिन्यात तिच्या पासबुकात भर पडत नसे.

‘खरी कमाई’चं काय झालं ते तर सांगितलंच पाहिजे. स्काउटची ही मूळ कल्पना मला अत्यंत आवडते. मुलाने शेजाऱ्याच्या घरी जायचं, सायकल पुसायची, बाग झाडायची, बूट चकचकीत करायचे आणि कामाचे पैसे कार्डावर नोंदवून घ्यायचे. घामाचा पैसा, आणि तोही मुलाच्या घामाचा. हीच कमाई पुढे शाळेच्या आवारात आली आणि तिचा आनंदमेळावा झाला. कुरमुरे, फरसाण, शेव पालकाने आणायची. चिंचगुळाची चटणी आदल्या रात्री आईने वाटायची. कांदा सकाळी बाबांनी डोळे पुसत चिरायचा. कागदी प्लेट आणि चमचे आणायचे तेही आपणच. मग पोरगं स्टॉलवर उभं राहतं, आईवडील रांगेत उभे राहून स्वतःच केलेली भेळ पैसे देऊन विकत घेतात आणि जमलेली रक्कम संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या हस्ते ‘नफा’ म्हणून जाहीर होते. मी अशा मेळाव्यांची कीर्द लिहिली आहे. जमेच्या बाजूला सगळे आकडे नीट असत. खर्चाची बाजू कोरी, कारण खर्च शाळेच्या वहीत आलेलाच नसे. तो घरोघरच्या किराणा दुकानाच्या उधारीत असायचा. वाण्याने असा हिशोब ठेवला तर तो वर्षाच्या आत दुकान मिटून बसेल.

शाळांची बाजूही मांडतो, नाहीतर माझे जुने सहकारी माझ्याशी बोलणार नाहीत. अनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार सरकार करतं. पण खडू, वीज, फुटलेली कौलं, नळ, संडासाचा दरवाजा हा सगळा वेतनेतर खर्च. त्याचं अनुदान किती आणि कधी येईल याचा नेम नसायचा. विजेचं बिल मात्र नेमाने यायचं. मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून भरत, मग वसूल व्हायची वाट पाहत. विनाअनुदानित शाळांना तर पगारापासूनच तयारी. असल्या फटीत कूपन आणि मेळावा शिरतो. त्यात स्मरणिकाही आली. ‘एक शुभेच्छुक’ म्हणून पान भरणाऱ्या साडीवाल्याला आपली जाहिरात कोणीही वाचत नाही हे माहीत असतं, पण त्याची दोन्ही मुलं तिथे शिकत असतात.

म्हणजे झालं असं की गावाची शाळा हळूहळू फक्त पालकांची झाली. ज्याची मुलं शाळेत नाहीत त्याच्याकडे आता कोणी जात नाही. मुष्टिफंडात मूठ काढणाऱ्या कित्येक घरांतलं एकही पोर बोर्डिंगात नव्हतं. आज वर्गणीचा सगळा भार, ज्याने फी आधीच भरली त्याच माणसावर पडतो, आणि तो मागायला त्याचंच लेकरू त्याच्यासमोर उभं करतात. रागाचं मूळ रकमेत नाही, इथे आहे. माझी मुलगी आता पुण्यात असते, नातीला पाळणाघरात ठेवून नोकरीला जाते. महिन्याची फी ती मुकाट्याने देते. पण ‘रंगदिना’साठी पिवळे कपडे, ‘पदवीदान’ म्हणून चार वर्षांच्या पोरीला काळा झगा आणि टोपी, मग कुठल्याशा मदतीसाठी खाऊविक्री, असं सुरू झालं की फोन येतो.

“बाबा, नाही म्हटलं तर उद्या तिलाच एकटीला कोपऱ्यात बसवतील हो.”

माझ्या बायकोने कूपनांच्या वेळी अगदी हेच वाक्य मला ऐकवलं होतं.

कायदे आहेत. 1987 साली महाराष्ट्राने कॅपिटेशन फीवर बंदी आणली. त्यात सद्भावनेने दिलेल्या देणगीला वाट ठेवलेली होती, आणि ‘स्वेच्छा देणगी’ हा शिक्का त्यानंतर किती खपला हे शिक्के बनवणाऱ्यालाच विचारा. गणेशमंडळाला वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी लागते. शाळेची संस्थाही 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली असते, तिने हिशोब ठेवायचे आणि तपासून घ्यायचे असतात. 2011 चा शुल्क विनियमन कायदा 2014 पासून लागू झाला. त्याने खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघ सक्तीचा केला. त्याच्या कार्यकारी समितीवर जे पालक जातात ते इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. शाळेच्या इतिहासात पालकाच्या खरोखर उपयोगाची अशी ही एकच सोडत मला दिसली, आणि तिला नाव द्यायला लोक येत नाहीत. सभेची सूचना लावण्याचं काम माझ्याकडे होतं. खुर्च्या रिकाम्या असत.

मला विचाराल तर शाळेने जरूर मागावं. छप्पर गळत असेल तर छप्पर गळतं म्हणावं, खर्चाचा अंदाज भिंतीवर लावावा, माजी विद्यार्थ्यांकडे जावं, बाजारपेठेत जावं, आणि जमलं किती, लागलं किती ते पुढच्या सभेत वाचून दाखवावं. मुलाच्या दप्तरात पावतीपुस्तक घालू नये. आणि पालकांनो, येत्या जूनमध्ये शाळा उघडली की समितीसाठी आपलं नाव द्या, चिठ्ठी निघाली तर सभेला जा आणि गेल्या वर्षीच्या मेळाव्याची कीर्द बघायला मागा. खर्चाची बाजू कोरी असेल तर तुमच्या किराण्याची बिलं सोबत न्या. कीर्द नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, प्रत्येक शाळेत ती लिहिणारा एक लिपिक असतो.